शुक्रवारी बॉयलरचं पाणी जातं कुठं?

हे मी आपणहून लिहीत नाहीये, ते आधीच सांगतो. ईस्टरच्या पुस्तिकेतली दोन पानांची जाहिरात ऐनवेळी गळाली आणि आमच्या समाजाच्या हॉलच्या कमिटीला एकदम माझी आठवण झाली. "एलीदियो, ती तुमच्या घरातली बॉयलरची गंमत लिहून दे, लोकांना हसू येईल." मी समुद्रापलीकडच्या आमच्या बेटावर चौथीत शाळा सोडली. पुढचा जन्म इकडे गिरणीत गेला आणि तिथं कुणी गमती लिहून मागत नसे. शिवाय यात गंमत कसली? वाफेचा बॉयलर कोरडा तापला तर अख्खं घर उपटून शेजाऱ्याच्या अंगणात नेऊन ठेवतो. हसू येतं का, ते कमिटीने त्या शेजाऱ्याला विचारावं.

पण लिहितो. मी नाही लिहिलं तर दुसरं कुणीतरी लिहील आणि गोड करून लिहील.

फॉल रिव्हर शहरात चढावरच्या तीन मजली लाकडी घरात आम्ही राहतो. तळमजल्यावर सेराफीम रेझेंडीस आणि त्याची बायको दिओलिंदा. मधल्या मजल्यावर मी, भाडेकरू (एकटा, विधुर, निरुपद्रवी). वरच्या मजल्यावर त्यांची मुलगी लुसीलिया. ती हॉस्पिटलात नर्स आहे. रात्रभर उभी असते आणि दिवसा झोपते. आणि सगळ्यांच्या खाली, तळघरात, वाफेनं अख्खं घर गरम ठेवणारा बॉयलर. एके काळी तो कोळसा खायचा, मग त्याला गॅसची सवय लावली. घरात त्याच्याहून म्हातारा फक्त सेराफीम, आणि सेराफीमला तो आपलं धाकटं भावंड वाटत असे.

दर शनिवारी जेवण झालं की सेराफीम खाली उतरायचा. पाणी फार उतरलं तर गॅस आपोआप तोडणारी एक लोखंडी पेटी बॉयलरच्या अंगाला असते. तिच्यात गाळ साचला की ती आंधळी होते. म्हणून तिची चावी उघडून तो पाणी बादलीत सोडायचा. आधी काळं यायचं, मग लाल, मग स्वच्छ. स्वच्छ आल्याशिवाय चावी बंद करायची नाही. मग काचेच्या नळीत पाणी अर्ध्यावर आहे ना, ते बघायचं. ज्योत निळी आहे ना, ते वाकून बघायचं. विषारी वायू सुटला तर वाजणारा भोंगा दाबून ओरडवायचा. आणि हवा आत यायच्या झरोक्यापुढे माझं वाईनचं पिंप आलेलं नाही ना, ते बघून, आलेलं नसलं तरी मला दोन शब्द सुनवायचे. हे सगळं तो इतक्या गंभीरपणे करायचा की मी एकदा चुकून टोपी काढली होती.

आता घर लुसीलियाच्या नावावर आहे. जानेवारीत एका दुपारी पाईप ठणाठणा वाजले. कुणीतरी आतून घणाने मारतंय असा आवाज. ती झोपेतून उठून तशीच खाली आली.

"बाबा, मला दिवसा झोप मिळाली नाही ना, तर एखाद्या रात्री मी भलत्याच माणसाला सुई टोचीन."

"एकदा वाजला असेल. म्हातारा झालाय तो."

"म्हणूनच म्हणते. नवीन घेऊ. भिंतीवर टांगायचा, एवढासा असतो. आवाज नाही, पाणी सोडणं नाही. तुम्हाला तळघरात उतरायलाच नको."

ते शेवटचं वाक्य तिनं प्रेमानं म्हटलं होतं. सेराफीमला ते कसं लागलं, हे त्यानं मला पुढे पत्ते खेळताना सांगितलं. गिरणी सुटली, गाडी चालवणं सुटलं, कोबीच्या सूपातलं मीठसुद्धा डॉक्टरनं सोडवलं. राहिलं होतं ते एवढं तळघर. तो म्हणाला, "या हिवाळ्यात पुन्हा वाजला तर ने भंगारात." लुसीलिया म्हणाली, "लक्षात ठेवते." (नर्स विसरत नसते.)

ईस्टरच्या आधीचे उपवास लागले आणि पहिल्याच शुक्रवारी दुपारी ठण्ण! ठण्ण! ठण्ण!

सेराफीम धावत तळघरात गेला. बघतो तर काचेतलं पाणी पार खाली, बोटभर उरलेलं. वरून लुसीलियाचा आवाज आला, "बाबा! काय झालं?"

इथं त्यानं एक छोटा निर्णय घेतला. "काही नाही गं! मी पक्कड पाडली!" असं ओरडून त्यानं पाण्याची चावी हळूच उघडली, पाणी अर्ध्यावर आणलं आणि गप्प बसला. वाफेच्या बॉयलरला पाणी सारखं घालावं लागत नसतं. तीच वाफ वर खोल्यांतल्या रेडिएटरांत जाते, थंड होते, पाणी होऊन परत खाली येते. पाणी कमी झालं तर आधी विचारायचं असतं, गेलं कुठं? सेराफीमला हे माहीत होतं. पण विचारलं की उत्तर येणार, आणि उत्तर आलं की लुसीलिया येणार.

शनिवारी तो नेमाप्रमाणे खाली गेला तर पाणी काचेच्या गळ्यापर्यंत. त्यानं मुकाट्यानं बादलीभर काढून टाकलं.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा कमी. पुन्हा घातलं. शनिवारी पुन्हा जास्त. पुन्हा काढलं. बॉयलर शुक्रवारी उपवास धरतो आणि शनिवारी सोडतो, असं दिसायला लागलं.

आता दिओलिंदाचं सांगायला हवं. उपवासाच्या दर शुक्रवारी ती चर्चच्या विक्रीसाठी मास्सा करते, म्हणजे आमचा अंडी-लोणी घातलेला गोड पाव. पीठ मळायचं, त्यावर बोटानं क्रूस काढायचा, देव तुला वाढवो म्हणायचं आणि कांबळ्यात गुंडाळून झोपवायचं. कांबळ्यावर घरधन्याचा कोट घालायचा. पुरुषाचा कोट असला की पीठ जोमानं फुगतं, ही आमच्या बेटावरची रीत. त्यामुळे शुक्रवारी सेराफीमचा कोट पिठाच्या अंगावर असायचा आणि सेराफीम स्वेटरवर हिंडायचा. (माझा कोट तिनं कधी मागितला नाही. जोमाबद्दल शंका असावी.)

तिसऱ्या शुक्रवारनंतर सेराफीम माझ्याकडे आला. बसला नाही. दारातच उभा राहिला.

"एलीदियो, पिंप धुतलंस का इतक्यात?"

"धुतलं की. शुक्रवारी."

"शुक्रवारी." तो शब्द त्यानं तोंडात घोळवला. "कशानं धुतलंस?"

"पाण्यानं. तुमच्या आळीत दुधानं धूत होते का?"

"पिंपाला गरम पाणी लागतं. ते कुठनं आणलंस?"

"माझ्या चुलीवरनं."

"मधल्या मजल्यावरनं तळघरात? बादली घेऊन? ह्या गुडघ्यांनी?"

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि प्रकाशाबरोबर रागही आला. "लेका, बॉयलरचं पाणी काढून मी वाईनचं पिंप धुवीन? ते गंजून लालभडक झालेलं असतं! त्यानं मी पायसुद्धा धुणार नाही!"

"म्हणजे रंग तुला माहीत आहे तर."

काय बोलावं अशा माणसाशी? तेवढ्यात जिन्याखालून दिओलिंदा म्हणाली, "जाऊ द्या हो, भावजींना कशाला लाजवता? पाणीच तर नेलंय. पण माणसानं विचारून न्यावं. बादली घेऊन उतरताना मीच पाहिलं त्यांना."

"वहिनी, बादली भरलेली होती! खाली जाताना भरलेली! चोर भरलेली बादली घेऊन चोरीला जातो का?"

"ते मला काय माहीत, मी कधी चोरी केली नाही," असं म्हणून ती आत गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

पुढच्या शुक्रवारी सेराफीम पहाऱ्यावर बसला. बॉयलरसमोर खुर्ची, मांडीवर कॉफीचा थर्मास, अंगात स्वेटर. मी मुद्दाम खाली फिरकलो नाही. कुणीच फिरकलं नाही. आणि त्याच्या डोळ्यांदेखत काचेतलं पाणी उतरायला लागलं. हळूहळू, न बोलता. जमिनीवर हात फिरवला, कोरडी. सांधे चाचपले, कोरडे. वर पाईप दोनदा ठणकले. (त्या वेळी लुसीलियाला त्यानं "मांजर" असं सांगितलं. आमच्याकडे मांजर नाही.)

माणूस चोर असता तर बरं होतं. बाहेर गळत नाही म्हणजे आत गळतंय. लोखंडाला आतून भोक पडलं असेल तर पाणी वाफ होऊन धुराड्यातून निघून जातं, आणि धुराड्यावर दाट पांढरा लोट दिसतो. तो तसाच स्वेटरवर रस्त्यात जाऊन उभा राहिला आणि मान वर करून धुराडं बघू लागला. बर्फ भुरभुरत होतं. टपाल टाकणारी बाई त्याच्या शेजारी येऊन थांबली, तिनंही वर बघितलं.

"काका, पांढरा निघतोय. पोप निवडला वाटतं?"

लोट पांढरा होता खरा. पण तेवढ्या थंडीत आळीतल्या प्रत्येक धुराड्यावर तसाच पांढरा लोट होता. काहीच ठरलं नाही. सेराफीम घरात आला आणि चार दिवस खोकला.

लुसीलियाला सांगायला हवं, हे त्याला कळत होतं. रोज सकाळी ती ड्युटीवरून यायची, "झोपते हं, बाबा" म्हणून वर जायची, आणि हा म्हणायचा, "झोप, बाळा." आणि ती त्या बॉयलरच्या डोक्यावर जाऊन झोपायची. पण सांगितलं की तळघर गेलं.

झावळ्यांच्या रविवाराआधीचा, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवाराआधीचा शुक्रवार उजाडला. त्या रविवारी चर्चची मोठी विक्री असते, म्हणून दिओलिंदानं तीन टोप भरून पीठ मळलं. थंडी परत फिरून आली होती. दुपारी पाईप असे वाजले की माझ्या भिंतीवरची तसबीर वाकडी झाली. आणि मग एकदम शांत. ती शांतता आवाजापेक्षा वाईट होती. बर्नर बंद पडला होता.

सेराफीम खाली गेला. काच रिकामी. बोटभरसुद्धा नाही. पेटीनं गॅस तोडला होता. लोखंडाची धग हातभर लांबून तोंडावर येत होती.

मी जिन्यावर होतो. एवढा आवाज झाल्यावर आरोपीसुद्धा बघायला येतो. सेराफीम पाण्याच्या चावीपाशी गेला. हात चावीवर ठेवला. वरून लुसीलियाची हाक आली.

"बाबा, गार पडलंय सगळं! पाणीबिणी घालायचं असेल तर घाला आणि चालू करा, मला संध्याकाळी ड्युटी आहे!"

घातलं असतं तर कुणाला कळणार होतं? पाणी अर्ध्यावर आलं असतं, बर्नर पेटला असता, नेहमीसारखा शनिवार उजाडला असता. तसाच उभा होता तो. मग त्यानं हात चावीवरून काढला आणि खिशात घातला, जसं काही बाहेर राहिला तर तो स्वतःहूनच परत जाईल. दुसऱ्या हातानं बॉयलरचं बटण बंद केलं.

"लुसी," तो म्हणाला, "खाली ये. तुला सांगायचंय."

ती कांबळं गुंडाळून खाली आली. त्यानं सगळं सांगितलं. पक्कड पाडली नव्हती. मांजर नव्हतं. दर शुक्रवारी पाणी जात होतं आणि तो घालत होता.

"मग आता घाला ना!"

"आता नाही. लोखंड कोरडं तापलंय. त्यावर गार पाणी गेलं तर तडकेल. कधी नुसतं तडकतं. कधी नुसतं तडकत नाही. हात ठेवता येईल इतका गार झाल्याशिवाय ह्या चावीला कुणी शिवायचं नाही."

लुसीलियानं बोटांवर शुक्रवार मोजले. "सगळे शुक्रवार? आणि मी वर झोपले होते?"

"हो."

"मला झोप म्हणत होतात."

"हो."

"सोमवारी माणूस बोलावते. हा जाणार."

"जाऊ दे," सेराफीम म्हणाला. मी त्याला इतकी वर्षं ओळखतो, पण हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मलाही बरं वाटलं नाही, आणि मी तर आरोपी होतो.

मग आम्ही तिघं जिन्याच्या पायऱ्यांवर बसून राहिलो, मयताला बसतात तसे. दिओलिंदा वरून डोकावली.

"अहो, गारठा काय सुटलाय! माझा मास्सा बसेल!"

"बसू दे."

"बसू दे? तीन टोप बसू दे? इथं कोण मेलंय?"

"खाली ये आणि गप्प बस, आई," लुसीलिया म्हणाली. दिओलिंदाही येऊन बसली. चौघं जण बॉयलरकडे बघत होतो. आणि बघता बघता काचेच्या तळाशी पाणी दिसायला लागलं.

आधी एक रेघ. मग बोटभर. कुणी चावीला शिवलेलं नाही, कुणी जागचं हललेलं नाही, आणि पाणी आपलं चढतंय. दिओलिंदानं छातीवर क्रूस काढला. "चमत्कार! फादरना बोलवा!"

सेराफीम उठला. पाण्याची चावी चाचपली, घट्ट बंद. मग परतीच्या पाईपला त्यानं कान लावला. आत गुळगुळ वाजत होतं. "वरून येतंय," तो म्हणाला. "आपलंच पाणी वरून परत येतंय." आणि पाईपवर हात फिरवत तो जिना चढला, आम्ही त्याच्या मागे, मिरवणुकीसारखे. स्वयंपाकघर ओलांडलं, शिवणाच्या खोलीत गेला. तिथं खिडकीखाली वाफेनं तापणारा मोठा लोखंडी रेडिएटर. त्यावर फळी, फळीवर टोप, टोपावर कांबळं आणि कांबळ्यावर त्याचा कोट.

त्यानं कोट बाजूला केला नाही. खाली वाकला आणि रेडिएटरच्या चावीला हात लावला. आमच्या घरात रेडिएटरला एकच पाईप आहे. त्याच वाटेनं वाफ आत जाते, त्याच वाटेनं पाणी बाहेर येतं. चावी एक तर पुरी उघडी ठेवायची, नाही तर पुरी बंद. अर्धी ठेवली तर आत घुसणारी वाफ बाहेर येणाऱ्या पाण्याला वाट देत नाही. पाणी रेडिएटरात तुंबतं, पाईप ठणाणा करतात, आणि खाली बॉयलर तहानेनं मरतो. बर्नर बंद झाला, वाफेचा जोर गेला, की मग ते पाणी सावकाश घरी येतं. हे सेराफीमनं मला सांगितलं होतं, लुसीलियाला सांगितलं होतं, फादरना सांगितलं होतं, टपालवाल्या बाईलाही सांगितलं असेल.

चावी अर्धी होती.

"दिओलिंदा," तो अगदी हळू म्हणाला, "ही कुणी फिरवली?"

"मी. का?"

"का?"

"का म्हणजे? पुरी उघडी ठेवली तर पीठ खालून शिजतं. बंद केली तर फुगत नाही. अर्धी ठेवली की कसं, तान्ह्या बाळाच्या अंगासारखं ऊबदार राहतं. आज तीन टोप, म्हणून तीन रेडिएटर."

"मी तुला सांगितलं नव्हतं? अर्धी ठेवायची नाही म्हणून?"

"तुम्ही काय काय सांगत असता. इतक्या वर्षांत सगळं ऐकत बसले असते तर पीठ कधी मळलं असतं?"

लुसीलिया भिंतीला टेकून खाली बसली. आधी मला वाटलं रडते आहे. हसत होती. मग थोडी रडलीही. "आई, म्हणजे दर शुक्रवारी मला तू उठवत होतीस? पावासाठी?"

"चर्चच्या पावासाठी," दिओलिंदा म्हणाली.

लोखंडावर हात ठेवता यायला लागला तेव्हा बाहेर दिवे लागले होते. तरी सेराफीमनं बॉयलर पेटवला नाही. लुसीलियाला म्हणाला, "कोरडा तापला होता. तडा बघितल्याशिवाय नाही. माणूस येऊ दे." ते दोन दिवस आम्ही सगळे कोट घालून जेवलो. सोमवारी माणूस आला, बॅटरी घेऊन आतबाहेर बघितलं. तडा नव्हता. पेटी साफ ठेवली होती म्हणून वेळेवर गॅस तुटला, नाही तर आज बघायला काही उरलं नसतं, एवढं बोलून तो गेला. लुसीलियानं ते ऐकलं.

"बॉयलरचं पुढच्या वर्षी बघू," ती बापाला म्हणाली. "पण पुन्हा माझ्यापासून काही लपवलंत, तर नवीन आणणार नाही. तुम्हालाच भिंतीवर टांगीन."

"टांग," सेराफीम म्हणाला आणि खाली उतरला. त्याचं नाक वाहत होतं. थंडीनं असेल.

संध्याकाळी तो वर माझ्या दाराशी आला. "एलीदियो, पाण्याचं... चुकलं माझं." मी त्याला पेला दिला, त्याच पिंपातला. त्यानं तो दिव्यासमोर धरून रंग बघितला आणि प्यायला. विषय संपला. बॉयलरचीही त्यानं माफी मागितली असावी, कारण बराच वेळ खालून पुटपुटणं ऐकू येत होतं.

मास्सा मात्र बसला. तिन्ही टोप. रविवारी विक्रीच्या टेबलावर ते पाव चपलांसारखे मांडलेले होते, आणि टेबलामागे उभी राहून दिओलिंदा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "काय करणार, आमच्या भाडेकरूनं तळघराचं दार सताड उघडं टाकलं, सगळा गारठा वर आला." संध्याकाळी त्यातला एक पाव तिनं माझ्या दारात आणून ठेवला. "घ्या भावजी. दात नसलेल्याला चपटाच बरा."

तो मी परत पाठवणार होतो. तत्त्वाचा प्रश्न होता. फक्त किती वाईट झालाय ते बघावं म्हणून आधी एक कड मोडली. मग दुसरी. मग परत पाठवायला काही उरलं नाही.

उरली ती माफी. सेराफीमची मिळाली, लुसीलियानं तर माझे दोन्ही गाल ओढले, टपालवाली बाईसुद्धा काही कारण नसताना सॉरी म्हणाली. एकीची अजून यायची आहे, आणि ती वाचणार हे मला माहीत आहे, म्हणून नाव नीट छापा: दिओलिंदा रेझेंडीस.